दुधाच्या दातातली नोंद

अंगणवाडीत ताई मुलाचं वजन-उंची घेतात आणि नोंदवतात. आज मी अशा मुलांबद्दल बोलणार आहे, ज्यांची नोंद कुणीच केली नव्हती, तरी ती सापडली. तीही सुमारे तीन हजार वर्षांनी!

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. जव, कडधान्यं पिकवायची, गुरं, शेळ्या-मेंढ्या पाळायच्या.

या घरांच्या जमिनीखाली आणि अंगणात मडकी निघाली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आणि आत तान्ह्या बाळाचा सांगाडा. सोबत छोटी भांडी. मोठी माणसं खड्ड्यात पुरलेली, बऱ्याच जणांची पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेला माणूस भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. पण लेकरू मात्र घरातच, आपल्या पायाखालच्या जमिनीत. त्या घरच्या बाईला काय वाटत असेल, हे काही हाडं सांगत नाहीत.

बाकी पुष्कळ सांगतात. अशा हाडांचा आणि दातांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ असतात. इनामगावच्या सांगाड्यांवर डॉ. सुभाष वाळिंबे, अमेरिकेतले जॉन ल्युकाक्स आणि पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी काम केलं.

आता युक्ती ऐका. पोट भरलं नाही तर हाडांची वाढ लवकर अडते. दात मात्र उपासमारीतही बऱ्याच अंशी आपल्या वेळेप्रमाणे तयार होत राहतात. म्हणून दातावरून वय काढायचं आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजायची. दात म्हणतात मूल दोन वर्षांचं आणि हाड म्हणतं सव्वा वर्षाचं, तर ते मूल खुजं राहिलं होतं. अंगणवाडीत आपण वयानुसार उंची बघतो, तोच हिशोब. हाडाच्या आडव्या छेदाची जाडी मोजली की शरीर भरलेलं होतं की हडकुळं, याचाही अंदाज येतो. मुलगा की मुलगी, हे मात्र एवढ्या लहान हाडांकडे नुसतं पाहून खात्रीने सांगता येत नाही.

दातांचं तर नवलच. दुधाच्या दातांचं वरचं पांढरं कवच आईच्या पोटातच, साधारण चौथ्या महिन्यापासून, बनायला लागतं. जन्माच्या वेळची एक बारीक रेघ त्यात राहते, ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. रेघेच्या आधीचा भाग गरोदरपणातला, नंतरचा बाळपणातला. त्या काळात मोठं आजारपण किंवा उपासमार झाली, तर कवचात खळगा किंवा चरा राहू शकतो. हाड पुढे भरून निघू शकतं. दाताचं कवच एकदा बनलं की पुन्हा भरत नाही.

इनामगावात इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास दिवस पालटले. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी झाली, शिकारीवर भर वाढला. रॉबिन्स शुग यांना या उत्तरकाळातली मुलं आधीच्या मुलांपेक्षा अंगाने रोड आढळली. पाऊस कमी झाला म्हणून, की जमिनीवरचा ताण आणि शेतीची घडी बिघडली म्हणून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. २०११ साली आलेल्या पुस्तकात शुग यांनी नुसत्या दुष्काळावर बोट ठेवायला नकार दिला. मला ते पटतं. दुष्काळाचं नाव घेतलं की बाकीचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, मडक्यांत सापडली ती न जगलेली मुलं. जी तगली, मोठी झाली, त्यांचं बाळपण या हाडांत नाही. म्हणून सगळं गाव असंच उपाशी होतं, असं म्हणता येत नाही.

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. गटाची सहल पुण्याला निघाली तर आधी फोन करून वेळ विचारा आणि जाऊन या.