उन्हाळी सुट्टी आणि शिक्षणातील खंड : राखोली परिसराच्या संदर्भात

सुट्टी म्हणजे विश्रांती, हा सर्वसाधारण समज आहे व तो योग्यच आहे. परंतु शाळा बंद झाल्यावर कोणत्या मुलाचे काय थांबते, याचा विचार अभावानेच केला जातो. प्रस्तुत लेखात दादरा व नगर हवेलीतील राखोलीच्या संदर्भात या प्रश्नाची मांडणी केली आहे.

सिल्वासाजवळ दमणगंगेच्या काठी वसलेले राखोली हे कारखान्यांचे गाव आहे. या परिसरात वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाजांबरोबर अन्य राज्यांतून आलेली कामगार कुटुंबेही राहतात. घरी वारली किंवा भोजपुरी, बाजारात हिंदी किंवा गुजराती आणि शाळेत आणखी वेगळी भाषा, अशी अनेक मुलांची स्थिती असते. पुस्तकाची भाषा ज्याच्या कानावर केवळ वर्गातच पडते, त्याचा त्या भाषेशी संबंध सुट्टीत जवळजवळ तुटतो.

या विषयावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. सुट्टीत सरासरी एक महिन्याचे शिक्षण मागे पडते. गणितात नुकसान अधिक होते. वाचनात मात्र सुस्थितीतील मुले टिकून राहतात व गरीब मुले मागे पडतात, असे त्यांना आढळले. पुढे २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल यांनी या नुकसानीचे मोजमाप चाचणीच्या पद्धतीनुसार बदलते, हे दाखवून दिले. म्हणून परदेशातील आकडे येथे जसेच्या तसे लागू करू नयेत. मात्र घरात पुस्तक नसलेल्या मुलाला सुट्टी अधिक महाग पडते, हे आपल्याकडेही समजण्याजोगे आहे.

यावर उपाय आहे. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये 'प्रथम' या संस्थेच्या साहित्याच्या आधारे सरकारी शिक्षकांनी सुमारे महिनाभराची शिबिरे घेतली. तेथे मुलांच्या वाचनात सुधारणा दिसून आली. या पद्धतीचे मर्म असे की, मुलांचे गट इयत्तेनुसार न करता अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट या वाचनपातळ्यांनुसार केले जातात. पाचवीतील मुलाला शब्द वाचता येत नसेल, तर त्याची सुरुवात शब्दापासूनच होते.

राखोलीसारख्या ठिकाणी असा उपक्रम राबविताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१) उन्हाचा विचार करून वर्ग सकाळी व दीड-दोन तासांचेच असावेत.
२) आरंभ घरच्या बोलीतील संभाषणाने व्हावा आणि तेथून शाळेच्या भाषेकडे जावे.
३) हिशेब बाजार, मजुरी व मोजमाप यांतून शिकवावा.
४) जी मुले पालकांसोबत मूळ गावी जातात, त्यांच्या हाती दोन-तीन गोष्टींची पुस्तके द्यावीत व शाळा उघडताच त्यांवर बोलते करावे.

सारांश, मुलांची सुट्टी हिरावून घेणे हा अशा उपक्रमाचा हेतू नव्हे. जूनमध्ये वर्गात परतणाऱ्या मुलाला पहिला धडा परका वाटू नये, एवढीच त्यामागील अपेक्षा आहे. एक खोली, दोन शिक्षक व काही पुस्तके एवढ्या सामग्रीवर हे काम सुरू करता येते. स्थानिक शाळा व शिक्षणसंस्थांनी याचा अवश्य विचार करावा.