टॅपेट बदलायचे की तेच वापरायचे?

गेल्या महिन्यात वडिलांच्या जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन खोललं. मिस्त्री म्हणाले, "टॅपेट चालतील, धुऊन टाकू." मी म्हटलं, थांबा, आधी बघू.

टॅपेट कॅमवर बसतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. त्याचा तळ सपाट दिसतो, पण नवा असताना मधोमध किंचित फुगीर असतो. त्यामुळे तो चालताना स्वतःभोवती फिरतो आणि सगळीकडे सारखा झिजतो.

घरच्या घरी तपासा: स्टीलची पट्टी तळावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. पट्टी मध्यावर टेकून कडेला बारीक फट दिसली, तर ठीक. मध्येच उजेड दिसला, म्हणजे खड्डा पडलाय. बारीक टोचे किंवा चरे दिसले तरी टॅपेट बाद.

आमच्या आठपैकी तीन खोलगट निघाले, आणि त्यांच्याच खालचे कॅमही झिजलेले.

लक्षात ठेवा:

जुना टॅपेट चांगला असेल, तर त्याच्याच कॅमवर परत जातो. म्हणून काढतानाच नंबर टाका.

नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट कधीच नाही. नवा कॅम खाल्ला जाईल.

आम्ही कॅमशाफ्ट आणि आठही टॅपेट बदलले. बसवताना असेंब्ली पेस्ट लावली, झिंक असलेलं ऑइल भरलं. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं आयडलवर न सोडता दोन हजार आरपीएमच्या आसपास चालवलं.

हे सगळं साध्या, सपाट तळाच्या टॅपेटबद्दल. रोलरवाल्यांचं गणित वेगळं.

तुमचं इंजिन खोललेलं असेल, तर टॅपेटच्या तळाचा फोटो टाका. मिळून बघू!