पाचातला एक नट

दिल्लीत सकाळी दूध आणायला खाली उतरलेल्या माणसाला कधीतरी हे दृश्य दिसतं. गाडी जागेवर आहे, काचा शाबूत, दारं बंद, पण चाकं नाहीत. चार कोपऱ्यांना विटांच्या चार चवडी आणि त्यांवर गाडी अशी नीट तोलून ठेवलेली, की रचणाऱ्याच्या हाताचं कौतुक वाटावं. नोएडा-गाझियाबादकडे विटांची ददात नसते. कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. चोराचा हिशेबही सरळ आहे. इंजिनावर नंबर कोरलेला, चासीवर नंबर कोरलेला, चाक मात्र बेनाव. अलॉयची चार चाकं टायरांसकट उतरवली, की ती कोणाची होती हे सांगणारं त्यांच्यावर काही राहत नाही.

असा माल पचवणारा बाजारही फार लांब नव्हता. मेरठ राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येतं आणि मेरठमधलं सोतीगंज हे नाव उत्तरेतल्या गाडीमालकांना धडकी भरवायचं. भंगाराचा बाजार म्हणून वाढलेल्या त्या गल्ल्यांत चोरीची गाडी शिरली की काही तासांत तिचे सुटे भाग होतात, अशी त्याची ख्याती. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी तो बंद पाडला आणि त्याच महिन्यात शाहजहांपूरच्या भाषणात पंतप्रधानांनीही त्याचं नाव घेतलं. बाजार गेला, भीती राहिली.

या भीतीपोटी दिल्लीकर जी वस्तू विकत घेतो ती मुठीत मावते. तिला इथे ‘लॉक नट’ म्हणतात. चाकाला चार किंवा पाच नट असतात. त्यातला एक काढायचा आणि त्या जागी असा नट बसवायचा, ज्याला नेहमीची षटकोनी गोटी, म्हणजे सॉकेट, लागत नाही. त्याच्या डोक्यावर पाकळ्यांसारखी वेडीवाकडी खाच असते आणि त्या खाचेचा उलटा ठसा पोटात घेतलेली एक ठेंगणी चावी सोबत मिळते. चावी नटावर बसवायची, तिच्या पाठीवरच्या षटकोनाला पाना लावायचा, झालं. चार चाकांचे चार नट, चौघांत मिळून चावी एक. अमेरिकेतली, १९६४ साली सुरू झालेली मॅकगार्ड ही या धंद्यातली जुनी, नावाजलेली कंपनी. तिच्या नटावरची खाच मुद्दाम अरुंद ठेवतात, म्हणजे भलतं हत्यार आत शिरत नाही. फोक्सवॅगन, स्कोडा अशा युरोपीय वळणाच्या गाड्यांत नट नसतोच. तिथे बोल्ट थेट हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, जातो आणि खाच बोल्टच्या डोक्यात असते.

आता थोडं त्या बिचाऱ्या साध्या नटाबद्दल, कारण त्याचं काम समजल्याशिवाय पुढची कारागिरी कळायची नाही. चाक नटांवर लटकलेलं असतं असा आपला समज असतो. तसं नाही. हबमधून बाहेर आलेल्या, बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवर नट शंभरेक न्यूटन मीटर इतका आवळला की स्टड कणभर ताणला जातो, स्प्रिंगसारखा. तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो आणि हा दाब एका नटामागे साधारण चार टन भरतो. पाच नटांचे वीस टन. त्या दाबातून होणाऱ्या घर्षणावर चाक गाडी ओढतं आणि थांबवतं. म्हणून नट नुसता घट्ट असून भागत नाही, मोजून घट्ट लागतो. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. दिल्लीतल्या अनेक टायरच्या दुकानांत तो भिंतीवर धूळ खात टांगलेला असतो आणि हवेची गन जमिनीवर तेलात पडलेली असते. यातलं रोजच्या वापरात काय आहे, ते सांगायला नको.

लॉक नटाची चावी मरते ती या गनमुळे. गन नट सलग फिरवत नाही, धक्के मारत फिरवते. बनवणारे बजावून सांगतात की यावर गन चालवू नका. धक्क्यांनी चावीच्या पातळ कडा उडतात. पण मोडण्यापेक्षा चावी हरवतेच जास्त आणि त्यालाही कारण पुष्कळदा गनच. टायरांची अदलाबदल करायला गाडी दुकानात जाते. दुकानातला मुलगा गनच्या तोंडात चावी अडकवतो, चार नट काढतो, चार लावतो, मालक पैसे देऊन निघून जातो, चावी गनच्या तोंडातच. पुढच्या गाडीच्या वेळी ती निघते आणि कोपऱ्यात पडते. गाडीमालकाला हे कळतं सहा महिन्यांनी, बहुधा भर उन्हात.

मला कळलं जूनमधल्या एका दुपारी, मयूर विहारजवळ. खड्ड्यात आपटून टायरच्या कुशीला फुगा आला होता. नुसतं पंक्चर असतं तर चाक न काढताही दोरी भरता आली असती, पण फुग्याला इलाज नाही, टायरच बदलावा लागतो. पंक्चरवाल्यानं जॅक लावला, चार नट सैल केले आणि हात पुढे केला. ‘सर जी, चाबी?’ मी ग्लोव्ह बॉक्स उपसला, स्टेपनीखालचा खळगा पाहिला, जॅकची पिशवी झटकली, दारांचे कप्पे धुंडाळले. दोन लग्नपत्रिका निघाल्या, त्यातल्या एका लग्नाला मी गेलोही नव्हतो. चावी नाही. त्यानं नट पुन्हा आवळले आणि निकाल दिला: ‘ये करोल बाग वाला काम है.’

खरं तर याचा एक सभ्य मार्ग आहे. चांगल्या कंपनीच्या नटांबरोबर कोड छापलेलं कार्ड येतं, तो कोड कळवला की दुसरी चावी मागवता येते. काही कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरकडे नमुन्याच्या चाव्यांचा संचही असतो. पण माझं कार्ड बहुधा चावीच्याच पिशवीत होतं. म्हणजे दोन्ही जोडीनं गेली.

करोल बाग मराठी माणसाला परकं नाही. पहाडगंज-करोल बाग या पट्ट्यात दिल्लीतली जुनी मराठी बिऱ्हाडं होती, नूतन मराठी शाळा अजून पहाडगंजात आहे. मात्र करोल बागेच्या नाईवाला भागातली मोटारीच्या सामानाची दुकानं हा वेगळाच संसार. सीट कव्हरं, भोंगे, दिवे आणि त्यांच्यामध्ये फुटपाथवर पेटी मांडून बसलेले हात. पुरवठ्याचं मोठं आगर काश्मिरी गेटला, किरकोळ करामत इथे. मला ज्याच्याकडे पाठवलं होतं त्याला सगळे उस्ताद म्हणत होते, मीही म्हटलं.

उस्तादनं पहिल्यांदा हत्याराला हातच लावला नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात वारस नसलेल्या चाव्या होत्या, शंभरेक तरी. ‘किसी की खोई, किसी के काम आई,’ म्हणाला आणि माझ्या नटावर अंगठा फिरवून डब्यातून एकेक उचलू लागला. डोळ्यांपेक्षा बोटांवर त्याची भिस्त होती. सातआठ चाव्या लावून पाहिल्या, एक जवळजवळ बसली. ती त्यानं लगेच काढून घेतली; जवळजवळ बसणारी चावी नटाची खाच खाते आणि मग कुठलीच बसत नाही.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मला उफराटं वाटलं. नट काढायला आलेला माणूस उरलेले चार नट आणखी आवळू लागला. विचारलं तर म्हणाला, बाकीच्यांनी भार उचलला की हा हलका होतो. चार टनांचं गणित त्यानं कुठे वाचलं नसेल, पण ते त्याच्या मनगटात होतं.

मग गोटी. साधी गोटी सहा कोनांची असते. यासाठी बारा कोनांची लागते आणि नटाच्या अंगापेक्षा एक माप लहान. ती नटावर ठेवून हातोड्यानं ठोकायची, म्हणजे तिचे बारा दात नटाच्या अंगात रुततात. त्याच्या पेटीतल्या गोटीवर टपारियाचं नाव होतं. १९६९ पासून नाशिकला घडणारी ही हत्यारं दिल्लीच्या फुटपाथवर पाहून उगाच बरं वाटलं. ठोकताना आवाज ऐकायचा असतो. आधी ठण् ठण् येतो, गोटी बसली की तो ठक् असा बसका होतो, मग थांबायचं. पुढे टॉमीला, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याला, लांब पाईप आणि नुसता वाढता जोर, हिसका नाही. एक कडाडणारा आवाज झाला. मला वाटलं स्टड तुटला. नट फिरला होता. चावीच नाही म्हटल्यावर चारही चाकांचे लॉक नट काढायचे होते, त्यातले तीन असे निघाले. बाहेरच्या अंगाला मोकळी फिरणारी कडी असलेले नटही असतात, त्यांच्यावर गोटी नुसती गरगरते. तिथे आधी ती कडी छिन्नीनं फोडावी लागते. माझ्या नशिबानं तसले नव्हते.

चौथा मात्र अडला. पोलाद अंमळ जास्त कडक, शिवाय कधीतरी गननं मनसोक्त आवळलेला. गोटी एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली, तिसऱ्यांदा उस्तादनं ठोकलीच नाही. हातोडा खाली ठेवला. ‘अब मारूँगा तो अलॉय जाएगा.’ या धंद्यात नट मोडणारे पुष्कळ आहेत. कुठे थांबायचं ते कळणारे थोडे, आणि पैसे द्यायचे ते त्यांना. बाराशेचा नट काढताना बारा हजारांचं चाक चिरणारा कारागीर कोणत्याही शहरात सापडतो.

शेजारून वेल्डिंगवाला आला. आधी बॅटरीची तार सुटली, गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला धक्का नको म्हणून. टायरमधली सगळी हवा सोडली. भरलेल्या टायरजवळ वेल्डिंग म्हणजे बॉम्बशेजारी शेगडी. चाकाभोवती ओलं गोणपाट. शेजारचा एक साधा नट काढून अर्थची चिमटी त्या स्टडवर, कारण ती गाडीच्या अंगाला दूर कुठे लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर डाग पडतात. मग लॉक नटाच्या तोंडावर एक मोठा साधा नट ठेवून त्याच्या भोकातून दोघांचा जोड भरला. लाली उतरेपर्यंत सगळे चहा प्यायले. तापून निवताना आट्यांतला गंज सुटतो, ते काम आगीनं आपसूक केलेलं असतं. मग नेहमीचा पाना लावला आणि नट मुकाट्यानं आला. स्टडचे आटे शाबूत होते. अलॉयवर नखाएवढा काळा डाग पडला, तो अजून आहे.

काढलेले चार नट उस्तादनं भंगाराच्या डब्यात टाकले. डबा भरला की मायापुरीला जातो. मोतिया खानमधून हलवलेल्या भंगारवाल्यांचा तो बाजार; तिथे पोचलेलं लोखंड कोणाचं, कशाचं, हे कोणी विचारत नाही. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातलं एक जुनं किरणोत्सारी यंत्र असंच लिलावातून तिथे पोचलं, त्यातला कोबाल्ट-६० उघडा पडला आणि एका कामगाराचा जीव गेला. बेनाव चाकापासून निघालेला विषय दिल्लीत फिरून इथेच येतो.

सगळं मिळून दीड तास लागला. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, चार कुलपं फोडली गेली, आणि गाडी माझीच आहे का, आरसी कुठे आहे, असं ना उस्तादनं विचारलं, ना येणाऱ्या-जाणाऱ्या कोणी. मग या कुलपाला अर्थ काय? मी घरी येईपर्यंत याच विचारात होतो. माझं मत असं झालं की लॉक नट चोराचा हात धरत नाही, तो चोराला आवाज करायला लावतो. साधा नट पान्यानं गुपचूप निघतो. गोटी ठोकण्याचा आवाज रात्री दोन वाजता चौथ्या मजल्यावर जातो. विटा रचणाऱ्याला सगळ्यात आधी शांतता लागते. तेवढ्यासाठी लॉक नट घ्यावा. मीही नवा संच बसवला. फक्त आता चावी टायरवाल्याला हातात देतो, हातात परत घेतो आणि कोडचा फोटो गाडीबाहेर, फोनमध्ये आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दिल्लीचं दुखणं वाटेल, पण ते चाकांवरून तिकडे पोचतं. राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती लागू करायला सांगितलं, आणि इथल्या धडधाकट गाड्या एनओसी घेऊन स्वस्तात परराज्यांत जाऊ लागल्या. ‘दिल्ली पासिंग’ हा शब्द पुणे-नाशिकपासून लातूर-नांदेडपर्यंत गाडीबाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. घेणारा इंजिन ऐकतो, रंग ठोकून पाहतो, कागद तपासतो. चाकाकडे वाकून कोणी बघत नाही. अशी गाडी घेणार असाल तर खाली बसा आणि प्रत्येक चाकाचे नट मोजा. पाचातला एक वेगळा दिसला तर व्यवहार तिथेच थांबवून चावी मागा, आणि ती तुमच्यासमोर चारही नटांवर लावून दाखवायला सांगा. चावी नाही म्हणाला, तर ते नट त्याच्या खर्चानं काढून साधे बसवून घ्या, मग पैसे द्या.