ट्रॉलीच्या पाठीमागे कोण उभे राहणार?



दसरा उलटतो, रात्री गारवा जाणवू लागतो आणि ऊसपट्ट्यात एकच धांदल उडते. कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडते, बीडकडच्या टोळ्या येऊन उतरतात, आणि खंडेनवमीला धुऊन-पुसून, झेंडूचा हार घालून पूजलेला ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर पळू लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत हा राबता चालतो. त्यातला मोठा काळ थंडीचा, लांब रात्रींचा आणि कृष्णा, पंचगंगा, नीरा, भीमा यांच्या काठाने पहाटे उतरणाऱ्या धुक्याचा. उन्हाळ्यात चालून जाणारी गाडीची उणीव या दिवसांत चालत नाही.

आपल्याकडे ट्रॅक्टरची तयारी म्हणजे इंजिनाची तयारी. ऑइल बदलले, फिल्टर बदलले, सेल्फ एका झटक्यात लागला, की मालक खूश. ट्रॉलीच्या पाठीमागे जाऊन उभे राहण्याची तसदी कोणी घेत नाही. वास्तविक थंडीत ट्रॅक्टर सुरू झाला नाही म्हणून कोणाचा जीव जात नाही. जीव जातो तो अंधारात उभ्या असलेल्या भरल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते तेव्हा. आणि तो मोटारसायकलवाला परका नसतो. डेअरीला दूध घालून निघालेला, पाळी संपवून घरी चाललेला, पाहुण्यांकडून परतणारा, असा आपल्याच पंचक्रोशीतला कोणीतरी असतो.

इंजिनाचे थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही करताच. गारठ्यात ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचा जोर कमी पडतो. म्हणून बॅटरीतले पाणी पाहा, टर्मिनलवर जमलेला पांढरट-निळा थर गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीनचा हात फिरवा. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा. रात्री डिझेलची टाकी रिकामी ठेवली तर आतल्या हवेतला ओलावा गारठून त्याचे पाणी होते, तेव्हा टाकी संध्याकाळीच भरा आणि फिल्टरखालचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी काढून टाका. निफाडकडे एखाद्या वर्षी पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा इंजिनाखाली पाचट पेटवण्याची बुद्धी काहींना होते. डिझेल गळणाऱ्या यंत्राखाली जाळ करू नये, एवढेच सांगतो.

आता पाठीमागचे. थोडा हिशेब करू या. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे ५५ फूट पुढे जाते. खाली पाडलेल्या उजेडात काळपट वस्तू जेमतेम १०० फुटांवर दिसते, आणि उसाची मोळी, गंजलेले लोखंड, मातीने भरलेली चाके याहून काळपट दुसरे काय असणार? समोर काही आहे हे डोक्यात शिरून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे ५५ फूट गेले. पुढे ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी ७०-८० फूट हवेत. शंभर फुटांवर दिसलेली ट्रॉली त्याला चुकवता येत नाही. त्यात समोरून एखादी मोटार डोळ्यांवर उजेड मारत आली, तर शंभर फुटांचे पन्नासच होतात. हीच ट्रॉली ३००-४०० फुटांवरून लाल चमकताना दिसली, तर तो सावकाश वेग कमी करून बाजूने निघून जाईल.

ही चमक देणारी रिफ्लेक्टरची पट्टी एका खेपेच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मागे लाल रिफ्लेक्टर सांगितलेले आहेत. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी, असा रंगांचा संकेत पाळा, म्हणजे पाहणाऱ्याला आपण गाडीच्या कोणत्या अंगाला आहोत ते कळते. पट्टी मागच्या दोन्ही कडांना, अगदी टोकापर्यंत लावा. मधोमध लावलेल्या तुकड्यावरून ट्रॉलीची रुंदी कळत नाही, आणि उजव्या कडेला धडकणाऱ्याला नेमकी तीच कळायला हवी असते. लोखंड तारेच्या ब्रशने घासून, पुसून, कोरडे करून मगच चिकटवा, नाहीतर दुसऱ्या खेपेलाच ती पाचटाबरोबर रस्त्यात पडेल. डबल ट्रॉली असेल तर दोन्हींना लावा. पुढचीला नको असे म्हणणारे आहेत. पण वळणावर आणि बाजूच्या रस्त्याने येणाऱ्याला पुढची ट्रॉलीच आधी आडवी येते.

पट्टी लावली म्हणजे काम झाले असे नाही. भरताना मागे लोंबणारे ऊस तिच्यावर येतात, धुळीचा आणि रसाचा थर बसतो. यासाठी एक परीक्षा सांगतो, घरातल्या शाळकरी मुलालाही करता येईल अशी. भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याबाहेर उभी करा. तिच्यामागे शंभर पावले जा. बॅटरी डोळ्यांच्या अगदी शेजारी, कानशिलाला लावून धरा आणि उजेड ट्रॉलीवर टाका. रिफ्लेक्टर आलेला उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून बॅटरी कमरेशी धरली तर पट्टी चांगली असूनही मंद वाटेल. दोन्ही कडा लखलखल्या तर ठीक. एकच बाजू दिसली किंवा काहीच दिसले नाही, तर मागून येणाऱ्यालाही तेवढेच दिसणार आहे. वहिनी, मालक हे करायला कंटाळले तर तुम्ही आणि मुलाने करा. दर खेपेला ओल्या फडक्याने एक हात फिरवायला ड्रायव्हरला सांगा.

मागचे लाल दिवे बहुतेक ट्रॉल्यांना असतात, लागत मात्र नाहीत. दोष बल्बचा कमी आणि वायरचा जास्त. जोडणीचा प्लग मातीने भरतो, वायर पिनेजवळ घासून तुटते, घरी उभ्या ट्रॉलीची वायर उंदीर कुरतडतात. वायर नळीत घालून चासीला बांधा आणि वळताना ताण येणार नाही इतकी सैल ठेवा. पुढचे दोन्ही दिवे चालू हवेत. एकडोळ्या ट्रॅक्टर समोरच्याला मोटारसायकल वाटतो; तो तेवढीच जागा सोडतो आणि उरलेल्या जागेत तुमचे चाक असते. आणि नांगरटीसाठी मागे लावलेला पांढरा दिवा रस्त्यावर आठवणीने बंद करा. मागच्याचे डोळे त्याने दिपतात, शिवाय समोरून गाडी येते आहे असा भास होतो.

दोन ट्रॉल्यांत मिळून १५-२० टन ऊस आणि ओढणारा ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळे वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते. शेतात वळण्यासाठी ब्रेकची दोन पॅडल वेगळी असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी त्यांना जोडणारी कडी घातलीच पाहिजे. ती नसेल आणि घाईत एकच पॅडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका अंगाला खेचला जाऊन ट्रॉली वरती येते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिले आहेत. वाचते ते वाटीभर डिझेल. ट्रॉलीची पिन झिजली असेल तर बदला, तिला निसटू न देणारी क्लिप बसवा आणि जोडीला साखळी अडकवा. चाकातली हवा चाक थंड असताना मोजा. ३० पौंड हवेच्या चाकात तापमान ५-६ अंशांनी उतरले की पौंडभर हवा कमी दाखवते. दुपारी तापलेल्या चाकात बरोबर भरलेली हवा पहाटे कमीच असते.

धुक्यात दिव्याचा उजेड खाली पाडूनच चालवा. वर केला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. दहा पावले दिसत नसतील तर पेट्रोल पंप, ढाबा, शेताची वाट पाहून रस्त्याबाहेर थांबा. कारखान्यावर नंबर तासभर उशिरा लागेल, लागू द्या. ड्रायव्हरने कानटोपी, वर मफलर आणि वर टेप असा थाट केला की मागचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. मला विचाराल तर त्या टेपच्या पेट्यांवर खर्चलेले पैसे दिव्यांवर खर्चायला हवे होते. गारठ्यात पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा लागतो, तेव्हा यार्डात नंबर लागेपर्यंत त्याला झोपू द्या आणि लागोपाठ तिसऱ्या खेपेला पाठवू नका. टोळीतल्या बायामाणसांना, पोरांना भरल्या उसावर किंवा दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांडीवर बसू देऊ नका.

चाक पंक्चर झाले की आपण ट्रॉलीमागे दगड मांडतो, झाडाची फांदी टाकतो. फांदी अंधारात दिसत नाही आणि दगड तर ट्रॉलीपेक्षा वाईट, कारण काम झाल्यावर ते तिथेच राहतात. रिफ्लेक्टरचा त्रिकोण घेऊन ठेवा आणि तो ट्रॉलीच्या पायाशी न ठेवता मागे ६०-७० पावलांवर ठेवा. दगड लावावेच लागले तर ते उचलूनच तिथून निघा.

बैलगाड्यांची गोष्ट याहून कठीण. तिला ना दिवा, ना वायर. जूवर पुढे पांढरी आणि मागच्या आडव्या लाकडावर लाल पट्टी ठोकून द्या. अनेक कारखाने हंगामाच्या तोंडावर या पट्ट्या वाटतात. चिटबॉयला विचारा, त्याच्याकडे नसतील तर शेतकी ऑफिसात जाऊन मागा. तिथून परतताना ट्रॅक्टरच्या विम्याचा कागदही काढून पाहा. त्यावर ट्रॉलीचा नंबर चढवलेला नसेल तर पहिली खेप भरण्याआधी चढवून घ्या.