'छावा', 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आणि 'स्थळ': सिनेमा बघून आल्यावर घरात काय बोलायचं?

सिनेमा बघून घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कसा होता?" उत्तरही ठरलेलं, "एकदम भारी" नाहीतर "टाइमपास". विषय तिथेच संपतो आणि सगळे जेवायला बसतात.

2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र विषय तिथे संपला नाही. 14 फेब्रुवारीला 'छावा' आला, 28 फेब्रुवारीला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला आणि 7 मार्चला 'स्थळ'. तीन आठवड्यांत तीन सिनेमे, आणि तिन्ही आपल्याच महाराष्ट्रातल्या मुलखांचे. एकाची कहाणी थेट आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसराशी जोडलेली, दुसरा इथून अडीच-तीन तासांवरच्या मालेगावचा, तर तिसरा चंद्रपूर जिल्ह्यातल्या कापसाच्या गावचा. त्यातच 2 मार्चपासून रमजान सुरू झाला. रोजे आणि तरावीहमध्ये थिएटर कोण गाठणार? त्यामुळे 'छावा' आणि 'सुपरबॉइज' आपल्यापैकी अनेकांनी ईदनंतर, एप्रिलमध्ये घरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवरच बघितले.

सिनेमा बघावा की नाही, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण आपण बघितला नाही तरी त्याची चर्चा शाळेत, रिक्षात, ऑफिसात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्यापर्यंत पोहोचतेच. म्हणूनच सिनेमावर मत कसं बनवायचं आणि ते कसं मांडायचं, हे समजून घेणं गरजेचं झालं आहे.

एका सिनेमाची चर्चा कुठपर्यंत गेली?

लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'छावा' शिवाजी सावंत यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर बेतलेला आहे. विकी कौशल छत्रपती संभाजी महाराजांच्या भूमिकेत आहे आणि अक्षय खन्ना औरंगजेबाच्या. महाराजांचा अमानुष छळ दाखवणारा शेवटचा भाग बघून थिएटरमध्ये रडणाऱ्या लोकांचे, लहान मुलांचेही व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरले. सिनेमानं देशातच पाचशे कोटींच्या वर कमाई केली.

चर्चा तिथे थांबली नाही. औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा, ही मागणी जोर धरू लागली. 17 मार्चला नागपुरात या मागणीसाठी आंदोलन झालं. त्यात जाळलेल्या चादरीवर आयत होती, अशी अफवा पसरली. संध्याकाळी हिंसाचार उसळला, काही भागांत संचारबंदी लागली आणि एका माणसाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की, 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग बाहेर आला आहे, तरीही महाराष्ट्रात शांतता राखली पाहिजे. इकडे खुलताबादेत पोलीस बंदोबस्त वाढला आणि कबरीच्या परिसरात पत्रे लागले.

याच सिनेमाचा आणखी एक परिणाम बघा. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरवर मराठ्यांनी 1681 मध्ये टाकलेला छापा सिनेमात दाखवला आहे. तो बघून जवळच्या असीरगड किल्ल्याच्या पायथ्याशी शेकडो गावकरी रात्री टॉर्च घेऊन शेतं खणायला लागले. का, तर तिथे मुघलांचा खजिना पुरलेला असेल! ऐकायला गंमत वाटते. पण पडद्यावर आपल्या गावाचं नाव आलं की माणूस सिनेमा आणि जमीन यांतला फरक किती पटकन विसरतो, हे यातून कळतं. असीरगडला त्यातून नुसते खड्डे पडले. नागपूरला माणूस गेला.

पडद्यावरचा मुलूख आणि आपला मुलूख

अडीच-पावणेतीन तासांच्या सिनेमात एक नायक असतो, एक खलनायक असतो, आणि बाकी सगळं त्या दोघांभोवती फिरतं. त्यात गैर काही नाही, गोष्ट अशीच सांगितली जाते. संभाजी महाराजांचं शौर्य आणि त्यांना भोगाव्या लागलेल्या यातना खऱ्या आहेत. त्या बघून डोळ्यांत पाणी येणं साहजिक आहे, मग बघणारा कुणीही असो. पण ज्या दख्खनमध्ये हे सगळं घडलं, तो मुलूख या गोष्टीपेक्षा बराच मोठा आहे. इथे आपल्या शहरातल्या लोकांना एक सोय आहे. सिनेमात जे मावलं नाही, ते आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर उभं आहे.

शहरातून वेरूळच्या रस्त्याला लागा. आधी दौलताबादचा किल्ला येतो. तिथे चिनी महाल नावाची वास्तू आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबानं तिथेच कैदेत ठेवलं आणि तो मरेपर्यंत सुटला नाही. औरंगजेब दख्खनमध्ये उतरला तो मराठ्यांशी लढायला, तसाच विजापूर आणि गोवळकोंडा घ्यायलाही. विजापूरची आदिलशाही त्यानं 1686 मध्ये बुडवली आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही 1687 मध्ये. दोन्हीकडे सुलतान मुसलमान होते. म्हणजे दख्खनचे कित्येक मुसलमान तेव्हा बादशहाच्या विरुद्ध बाजूला होते. खुद्द औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता. हे 'छावा'मध्येही आहे, पण चर्चेत त्याची आठवण फारशी कुणी काढली नाही.

पुढे खुलताबाद. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब, हजरत जैनुद्दीन शिराजी अशा बुजुर्गांच्या दर्ग्यांचं हे गाव. जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची साधी, उघडी कबर आहे आणि ती केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. याच गावात भद्रा मारुतीचं मंदिर आहे आणि तिथेही भाविकांची गर्दी असते. टीव्हीवरच्या वादात 'खुलताबाद' म्हणजे फक्त एक कबर. तिथे राहणाऱ्यांसाठी ते दर्गे, मंदिर, बाजार आणि रोजीरोटीचं गाव आहे.

तिथून अगदी जवळ वेरूळ. भोसले घराण्याचं मूळ गाव हेच. संभाजी महाराजांचे पणजोबा मालोजीराजे इथले. नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून त्यांनी आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं बखरी सांगतात. पुढे शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग होते, हेही आपण शाळेत वाचलेलं आहे.

ज्या शहराच्या नावावरून इतका वाद झाला, ते शहर 1610 मध्ये खडकी म्हणून वसवलं मलिक अंबरनं. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला, निजामशाहीचा वजीर झालेला आणि मुघलांशी आयुष्यभर झुंजलेला माणूस. औरंगाबाद हे नाव नंतर आलं.

हे सगळं औरंगजेबाची वकिली करण्यासाठी सांगितलेलं नाही. सिनेमा बघून कुणी आपल्या मुलाला "तुम्ही त्याचे ना?" असं विचारलं, तर मुलाकडे उत्तर असावं म्हणून सांगितलं आहे. आपण इथल्या मातीतले, दख्खनचे. तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा हिशेब आज सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरानं का द्यायचा?

मालेगावचे सुपरबॉइज: आपल्या लोकांची गोष्ट

याच दिवसांत आलेल्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'कडे मात्र फार कमी लोक फिरकले. गंमत म्हणजे, 'छावा'त कवी कलशाची भूमिका करणारे विनीत कुमार सिंग या सिनेमात मालेगावचा लेखक फरोग झाले आहेत. दोन आठवड्यांच्या अंतरानं एकच माणूस महाराजांचा जिवलग ब्राह्मण सोबती म्हणूनही पटतो आणि यंत्रमागाच्या गावातला मुसलमान लेखक म्हणूनही. कलाकाराची हीच तर ताकद.

रीमा कागती यांचा हा सिनेमा खऱ्या माणसांवर आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना जमवून 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' हा सिनेमा केला. साधा व्हिडिओ कॅमेरा, गावातलेच कलाकार आणि किरकोळ पैसा. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्यात सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमागावर काम करायचे. तोंडाच्या कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. फैजा अहमद खान यांनी या सगळ्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाचा सुंदर माहितीपटही केला आहे.

बाहेरच्यांना मालेगाव माहीत आहे ते 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांमुळे. या सिनेमात ते गाव हसतं, भांडतं, उधारी करतं आणि यंत्रमागाच्या सुट्टीला, शुक्रवारी, थिएटरात गर्दी करतं. माणसं मुसलमान आहेत, पण ते सिद्ध करण्यासाठी त्यांना दर दोन मिनिटांनी काही करून दाखवावं लागत नाही. ती नुसती जगतात. 'सैराट'मधला सल्या आठवतो? करमाळ्याच्या बाजूचा तो पोरगा परश्याचा दोस्त असतो, बस्स. त्याच्या धर्मावर भाषण नाही, म्हणूनच तो खरा वाटतो.

'सुपरबॉइज'मध्ये खटकण्यासारखंही आहे. मुख्य कलाकार मालेगावचे नाहीत, त्यामुळे तिथल्या बोलीतला उर्दू-मराठी-खान्देशी ठसका काही ठिकाणी कमी पडतो. बायकांची पात्रं आणखी मोठी हवी होती. ज्यांचे नातेवाईक मालेगावात आहेत, त्यांना आणखी चार चुका सापडतील. त्या जरूर सांगाव्यात. आपल्या माणसांचा सिनेमा आहे म्हणून सगळंच छान म्हणायचं, हेही मत नव्हे.

'स्थळ': गाव त्यांचं, प्रश्न आपलाही

जयंत दिगंबर सोमलकर यांच्या 'स्थळ'मध्ये एकही मुस्लिम कुटुंब ठळकपणे नाही. तरी हा सिनेमा आपल्या घरांत आवर्जून बघावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तो घडतो आणि त्यातली बरीचशी माणसं गावातलीच आहेत. शिकणारी, स्पर्धा परीक्षा द्यायची इच्छा असलेली सविता. कापसाला भाव नाही म्हणून मेटाकुटीला आलेला बाप. आणि दर काही दिवसांनी होणारा 'मुलगी बघण्याचा' कार्यक्रम. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, छंद काय, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. सुरुवातीलाच सविताला पडलेलं एक स्वप्न आहे. त्यात बायका बसल्यात आणि मुलाला असेच प्रश्न विचारताहेत!

पैगाम आला की आपल्याकडे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. चहाचा ट्रे, डोक्यावर नीट घेतलेला दुपट्टा, समोर खाला-फुफूंच्या नजरा, आणि नंतर 'कळवतो' म्हणून गेलेले पाहुणे. निकाहासाठी मुलीची मर्जी विचारणं दीनने बंधनकारक केलं आहे, पण ती विचारली जाते कधी आणि कशी? हा प्रश्न अम्मी, अब्बा आणि मुलगी यांनी एकत्र बसून बोलावा, यासाठी 'स्थळ' हे उत्तम निमित्त आहे.

मत मांडताना एवढं बघा

पहिलं, सिनेमा कुठला आहे? त्या गावाची भाषा, कपडे, धंदे खरे वाटतात का? आपल्याला तो मुलूख माहीत असेल तर आपलं मत समीक्षकापेक्षाही मोलाचं आहे.

दुसरं, कोण दाखवलं आणि कोण राहून गेलं? 'छावा'त गणोजी आणि कान्होजी शिर्के यांचं चित्रण चुकीचं आहे, असा आक्षेप शिर्के घराण्याच्या वंशजांनी घेतला आणि दिग्दर्शकांनी त्यांची माफी मागितली. महाराजांना लेझीम खेळताना दाखवलेलं दृश्यही आक्षेपांनंतर काढण्यात आलं. म्हणजे सिनेमातल्या इतिहासावर प्रश्न विचारणं हे एका समाजाचं काम नाही आणि तो गुन्हाही नाही. शांतपणे, नेमका मुद्दा घेऊन विचारलं तर ऐकलं जातं.

तिसरं, सिनेमा आवडला नाही म्हणजे तो आवडलेला माणूस आपला वैरी होत नाही. 'छावा' बघून रडलेला शेजारी आपल्यावर रागावलेला असेलच असं नाही. त्याला विचारा, कुठला प्रसंग भिडला? मग आपलं म्हणणं सांगा.

चौथं, मुलांचं वय बघा. 'छावा'ला सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीचा इशारा देणारं प्रमाणपत्र होतं. त्यातली हिंसा सात-आठ वर्षांच्या मुलासाठी नाही, मग ते मूल कुठल्याही घरातलं असो.

आणि शेवटचं, सिनेमातली क्लिप कापून, त्याला भडक मजकूर जोडून आलेला व्हिडिओ फॉरवर्ड करू नका. चादरीची एक अफवा नागपुरात काय करून गेली, हे आपण बघितलं आहे.

येत्या रविवारी जमलं तर मुलांना घेऊन एसटीनं निघा. सकाळी दौलताबाद, दुपारी खुलताबाद, संध्याकाळी वेरूळ. चिनी महालासमोर त्यांना तानाशहाची गोष्ट सांगा, दर्ग्यावर फातिहा पढा, वेरूळला मालोजीराजांचं नाव सांगा. एवढं फिरून झाल्यावर मग विचारा, "बेटा, आता सांग, सिनेमा कसा होता?"