चावीच्या घड्याळाची परीक्षा : आधी बोटांनी, मग सेकंदांनी

लखनौ : हुसैनाबाद येथील १८८१ मध्ये उभारलेल्या घंटाघराचे घड्याळ १९८४ मध्ये बंद पडले आणि २०११ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झाले. यांत्रिक घड्याळ मनोऱ्यावरचे असो वा मनगटावरचे, त्याला नियमित चावी आणि वेळेवर देखभाल लागते.

मनगटी घड्याळांच्या बाबतीत हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा ठरला आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत एचएमटीची घड्याळे तयार होऊ लागली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. ‘जनता’सारखी जुनी घड्याळे आजही घराघरांत जपली जातात आणि जुन्या बाजारांत विकली जातात. मात्र, विक्रेत्याने हलवून दाखवलेले घड्याळ टिकटिकले, म्हणजे ते सुस्थितीत आहे असे नव्हे. बंद घड्याळही हलवल्यास काही मिनिटे चालू शकते.

पहिली परीक्षा चावीची. चावी फिरवताना मुख्य कमान गुंडाळली जाते आणि खटक्यांचा एकसारखा आवाज येतो. सुरुवातीला हलकी वाटणारी चावी हळूहळू जड होत जाऊन शेवटी स्पष्टपणे थांबली पाहिजे. तेथेच हात आवरावा. त्यापुढे जोर केल्यास भाग तुटू शकतात. चावी कितीही फिरवली तरी जड होत नसेल, तर कमान तुटली असण्याची शक्यता असते. चावी सोडताच उलटी फिरत असेल, तर तिला अडवणाऱ्या खटक्यात दोष असतो. करकर जाणवल्यास आत धूळ साचली आहे किंवा तेल सुकले आहे, असे समजावे. स्वयंचलित घड्याळात मात्र कमान पूर्ण भरल्यावर घसरते. त्यामुळे तेथे चावी न थांबणे हा दोष नव्हे. ‘चावी जास्त दिल्याने घड्याळ बंद पडले’ हा समजही बहुधा चुकीचा असतो. पूर्ण चावी असूनही घड्याळ चालत नसेल, तर कारण अनेकदा घाण किंवा घट्ट झालेले तेल हे असते.

दुसरी परीक्षा वेळेची. तासाला १८,००० ठोके देणारे घड्याळ दिवसाला ४,३२,००० ठोके देते. दर दहा हजार ठोक्यांत एका ठोक्याची चूक झाली, तरी दिवसाअखेर सुमारे साडेआठ सेकंदांचा फरक पडतो. तपासणीसाठी घड्याळाला पूर्ण चावी द्यावी आणि मोबाइलवरील वेळेशी असलेला फरक सेकंदांत टिपावा. बारा व चोवीस तासांनी तो पुन्हा नोंदवावा. एक दिवस घड्याळ सपाट, तर दुसऱ्या दिवशी उभे ठेवून नोंदी घ्याव्यात. पहिल्या बारा तासांत नीट चाललेले घड्याळ पुढील बारा तासांत भरकटत असेल, तर कमान अशक्त झाली असावी किंवा आतले घर्षण वाढले असावे. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागल्यास त्यात चुंबकत्व शिरले असण्याची शक्यता असते. कारागीर ते सहज काढून टाकू शकतो.

स्वित्झर्लंडमधील अधिकृत कालमापन प्रमाणपत्रासाठी यांत्रिक घड्याळाचा सरासरी दैनिक फरक उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत असावा लागतो. जुन्या साध्या घड्याळाकडून तेवढी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. रोज ठरावीक वीस सेकंद पुढे जाणारे घड्याळ कारागीर जुळवून देऊ शकतो. एक दिवस पुढे, तर दुसऱ्या दिवशी मागे जाणारे घड्याळ मात्र आधी उघडून स्वच्छ करावे लागते. म्हणूनच खरेदीपूर्वी किंवा दुरुस्तीला देताना दोन-तीन दिवसांच्या नोंदी हाताशी असाव्यात. कारागिराला दोष शोधणे त्यामुळे सोपे जाते आणि ग्राहकालाही अनावश्यक खर्च टाळता येतो.