कडबा बैल खातो, पचवतो कोण?

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात संध्याकाळी दिसणारे दृश्य आहे. दावणीला बैल आणि पुढ्यात ज्वारीचा कडबा. त्याच ज्वारीची भाकरी आपण खातो. कडबा मात्र आपल्याला पचत नाही. असे का?

कडब्यात सेल्युलोज भरपूर असते. कापूस तर नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. भाकरीतला स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला. फरक आहे तो कड्या जोडण्याच्या पद्धतीत. स्टार्चची जोडणी तोडणारे विकर आपल्या लाळेतही असते. सेल्युलोजची जोडणी तोडणारे विकर आपले शरीर बनवत नाही, आणि बैलाचेही नाही!

बैलाचे हे काम त्याच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव करतात. शंभर लिटरहून मोठी, सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमानाची ही जणू एक टाकीच. तिच्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. त्यातल्या एका मिलिलिटर द्रवात सुमारे एक हजार कोटी जीवाणू असतात. ऑक्सिजन लागताच मरणारे हे जीव प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी १९४० च्या दशकात बसवली, तेव्हा त्यांचा अभ्यास शक्य झाला.

यातला कोणताही एक जीवाणू हे काम एकट्याने पुरे करत नाही. फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस हे जीवाणू कडब्याच्या तंतूला चिकटतात आणि साखळीचे तुकडे करतात. सुटलेल्या शर्करेचा काही भाग शेजारचे जीवाणू खातात. फायब्रोबॅक्टर सक्सिनिक आम्ल बाहेर टाकतो. सेलेनोमोनास त्याचे प्रोपिऑनिक आम्ल करतो. अशी आम्ले कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि त्यांतूनच बैलाला बहुतांश ऊर्जा मिळते.

किण्वनात हायड्रोजनही तयार होतो. तो साठला तर किण्वन मंदावते. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडबरोबर वापरून टाकतात. गोबर गॅसच्या टाकीतही अशीच साखळी चालते. तिथला मिथेन आपण चुलीला लावतो, बैलाचा ढेकरेवाटे हवेत जातो.

शेतकरी कडब्याबरोबर सरकीची पेंड देतो, त्यामागेही हेच कारण आहे. कडब्यात नायट्रोजन फार कमी. पेंडीतली प्रथिने काही जीवाणू फोडतात, तेव्हा अमोनिया आणि काही विशिष्ट आम्ले सुटतात. सेल्युलोज फोडणाऱ्या जीवाणूंच्या वाढीला ती लागतात. म्हणजे पेंड बैलाबरोबरच त्याच्या जीवाणूंनाही पोसते.

ही भागीदारी मोडूही शकते. बैल दावे तोडून खळ्यावरच्या राशीला लागला आणि भरमसाट ज्वारी खाल्ली, तर स्टार्चवर वाढणारे जीवाणू झपाट्याने वाढतात. लॅक्टिक आम्ल साठते. पीएच ६ च्या खाली गेला की सेल्युलोज फोडणारे जीवाणू थंडावतात, रवंथ थांबते. जनावर दगावूही शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे. चारा बदलायचा तर तोही हळूहळू बदलावा. जीवाणूंना जुळवून घ्यायला दिवस लागतात.

मग कापसाची पऱ्हाटी बैल का खात नाही? तिच्यात सेल्युलोज आहेच, पण ते लिग्निन या कठीण पदार्थात गुंतलेले असते. लिग्निन फोडायला मुख्यतः बुरशी लागते आणि तिला ऑक्सिजन हवा. म्हणून पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून, ओलावा राखून खत करता येते. पेटवून दिली तर तिच्यातला कार्बन व नायट्रोजन हवेत जातो.

वर्गात करून पाहा: शेण पाण्यात कालवून फडक्याने गाळा. अर्धे पाणी उकळून थंड करा. दोन बाटल्या काठोकाठ भरून प्रत्येकीत गाळण कागदाची पट्टी सोडा. झाकणे सैल ठेवा, नाहीतर वायूच्या दाबाने बाटली फुटेल. उबदार जागी ठेवून दर आठवड्याला पट्ट्या पाहा व नंतर हात साबणाने धुवा. कोणती पट्टी आधी झिजते? उकळलेल्या पाण्यात फरक का पडावा? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.